भंगारात काढण्याआधी बूट करून पाहा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार थांबवला. त्या दिवशी कुणाचा संगणक बंद पडला नाही. पण सुरक्षेच्या दुरुस्त्या येणे थांबले आणि विंडोज ११ च्या अटींनी चांगली चालती यंत्रे दाराबाहेर ठेवली. टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप हवी, यूईएफआय हवे, सिक्युअर बूटची सोय हवी, आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीचा, म्हणजे २०१७ च्या अखेरीनंतरचा हवा. घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव मुदत मिळाली. संस्थांना पैसे मोजून फार तर तीन वर्षे. शाळा, ग्रामपंचायती, पतसंस्था आणि छोटी हॉटेले यांच्याकडचे कितीतरी संगणक या अटींत बसत नाहीत. ते आता निर्लेखनाच्या यादीत जाऊ लागतील.

माथेरानमध्ये या यादीचे वजन जास्त आहे. मोटारीची वाट दस्तुरी नाक्यावर संपते. रुग्णवाहिकेसारखे अपवाद सोडले तर तिथून पुढे इंजिनाच्या गाडीला मज्जाव आहे. बाजारपेठेपर्यंतच्या अडीच-तीन किलोमीटरच्या लाल वाटेवर सामान घोड्याच्या पाठीवर, हातगाडीवर किंवा हमालाच्या डोक्यावरून जाते. सगळा डोंगर आणि भोवतालचा पट्टा २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर आहे. इथे नवा संगणक वर चढवायला हमाली पडते, जुना खाली उतरवायलाही पडते, आणि दुरुस्तीसाठी माणूस बोलवायचा तर तो नेरळहून किंवा कर्जतहून यावा लागतो. म्हणून लॉजच्या काउंटरवरचा किंवा शाळेच्या खोलीतला संगणक निकामी ठरवताना खालच्या शहरांपेक्षा इथे दहा वेळा विचार व्हायला हवा.

‘जुन्या संगणकावर लिनक्स टाका’ हा सल्ला आता सगळेच देतात. सल्ला बरोबर आहे. लिनक्स फुकट मिळते, त्याच्या दुरुस्त्या नियमित येतात, मराठी युनिकोड त्यात नीट चालते आणि दहा-बारा वर्षांच्या यंत्रावरही त्याच्या हलक्या आवृत्त्या सुखाने धावतात. पण सल्ला देणारे मधला टप्पा गाळतात. शिक्षक किंवा हॉटेलचा व्यवस्थापक हौसेने पेनड्राइव्ह तयार करतो, बटण दाबतो आणि समोर काळा पडदा येतो. कधी ‘बूट डिव्हाइस सापडत नाही’ अशी ओळ येते, कधी ‘ग्रब रेस्क्यू’ असे दोन शब्द आणि लुकलुकणारी खूण. तिथेच घोडे अडते. ‘मशीन जुनं झालं, आता नाही चालायचं’ असा निकाल लागतो आणि संगणक भंगाराच्या कोपऱ्यात जातो.

हा निकाल फार घाईचा आहे. या अवस्थेत यंत्राची ताकद संपलेली नसते. ते सुरू कसे व्हावे याच्या नोंदीत गफलत असते. अशा गफलतींचे प्रकार थोडे आहेत, प्रत्येकाला ठरलेली तपासणी आहे आणि ती तपासणी दहावी झालेला मुलगा किंवा मुलगी शिकू शकते. त्यामुळे मागणी साधी आहे: कोणतीही सरकारी शाळा, नगरपरिषद किंवा कार्यालय संगणकाचे निर्लेखन करत असेल तर त्याआधी बूट-तपासणी सक्तीची करावी, आणि ती करू शकणारी माणसे तालुक्यातच तयार करावीत.

बटण दाबल्यावर सगळ्यात आधी जागे होते ते मदरबोर्डवरच्या चिपमधले फर्मवेअर. जुन्या यंत्रांत ते बायोस असते, नव्यांत यूईएफआय. ते रॅम, कीबोर्ड, डिस्क तपासते, मग ठरलेल्या क्रमाने पेनड्राइव्ह, डीव्हीडी किंवा डिस्कवर पुढचा छोटा प्रोग्राम शोधते. लिनक्समध्ये तो प्रोग्राम बहुधा ग्रब असतो. ग्रब लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, स्मृतीत चढवतो. कर्नल हार्डवेअर ओळखून डिस्क उघडतो आणि मग कुठे लॉगिनचा पडदा दिसतो. यातल्या नेमक्या कोणत्या पायरीवर यंत्र थांबले, हे आधी ओळखायचे. ते न ओळखता पुन्हापुन्हा ‘फॉरमॅट मारणे’ म्हणजे साप साप म्हणून भुई धोपटणे.

कंपनीचे चिन्हही दिसत नसेल, नुसतीच बीप-बीप ऐकू येत असेल, तर लिनक्सचा त्यात काडीचा संबंध नाही. कॅबिनेट उघडावे लागते. माथेरानच्या यंत्राचे कॅबिनेट उघडले की आत बारीक तांबडी धूळ असते. पंख्याच्या पात्यांवर, हीट सिंकच्या फटींत, रॅमच्या खाचेत. त्यावर पावसाळ्याचे चार महिने धुके आणि ओल. रॅमच्या काठीवरच्या सोनेरी पट्ट्यांवर थर धरतो आणि संपर्क तुटतो. विजेची वायर काढून, रॅम बाहेर घेऊन, त्या पट्ट्या साध्या खोडरबरने हलक्या हाताने पुसून पुन्हा बसवायच्या, ही आपल्याकडच्या प्रत्येक हार्डवेअरवाल्याची पहिली कृती. ती आजही बरोबर आहे. रॅमच्या दोन काठ्या असतील तर एकेक लावून पाहिली की दोषी कोण ते कळते. पुढची खात्री मेमटेस्टने होते. हा प्रोग्राम लिनक्सच्या अनेक पेनड्राइव्हच्या मेनूतच असतो.

दुसरा संशयित आकाराने रुपयाएवढा असतो. मदरबोर्डवर सीआर २०३२ नावाचा तीन व्होल्टचा गोल सेल असतो. संगणक बंद असताना घड्याळ आणि जुन्या यंत्रांत बायोसच्या नोंदी तोच जपतो. भिंतीवरचे बटण चालू असेल तर एसएमपीएसमधून थोडी वीज मिळत राहते आणि सेल कमी झिजतो. पण आपल्याकडे शाळा आणि कार्यालये रात्री मेन स्विचच बंद करतात, आणि डोंगरावर वीज जातेही. पाच-सात वर्षांत सेल संपतो. मग रोज सकाळी ‘एफ-१ दाबा’ अशी ओळ, तारीख कुठल्या तरी जुन्या सालात गेलेली, आणि बूटचा क्रम पुन्हा कारखान्यातला. काल टाकलेले लिनक्स आज का सुरू होत नाही, याचे उत्तर अशा वेळी त्या सेलमध्ये असते. चुकलेल्या तारखेचा आणखी एक त्रास असतो. सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे संगणकाला खोटी वाटतात आणि लिनक्सचे अपडेट ‘ही यादी अजून लागू झालेली नाही’ म्हणून नाकारले जाते. पन्नास रुपयांच्या आत मिळणारा सेल बदलून तारीख लावली की ही सगळी भुते एकदम पळतात.

तिसरी अडचण पेनड्राइव्हमध्येच असते. डाउनलोड केलेली आयएसओ फाइल पेनड्राइव्हवर नुसती कॉपी करून भागत नाही. रूफस किंवा एचर अशा साधनाने ती लिहावी लागते, किंवा व्हेंटॉयने पेनड्राइव्ह आधी तयार करून मग ती त्यावर ठेवावी लागते. डोंगरावरच्या तुटक इंटरनेटवर फाइल अर्धवट उतरण्याची शक्यताही मोठी. म्हणून वितरकाने दिलेला एसएचए-२५६ हा आकडा आपल्या फाइलशी जुळवून पाहायचा. दोन मिनिटांचे काम आहे. न केल्यास दोन दिवस जातात. काही फार जुनी यंत्रे यूएसबीवरून बूट करणे जाणतच नाहीत. त्यांच्यासाठी डीव्हीडी जाळावी लागते, किंवा प्लॉप नावाचा छोटा बूट मॅनेजर सीडीवरून सुरू करून त्याच्याकरवी पेनड्राइव्हला हाक मारता येते.

खरा गुंता सुरू होतो तो बायोस आणि यूईएफआय यांच्या सीमेवर. साधारण २०११ नंतरच्या कितीतरी मदरबोर्डवर दोन्ही पद्धती होत्या. पेनड्राइव्ह ज्या पद्धतीने सुरू होईल, त्याच पद्धतीने लिनक्स बसते. पेनड्राइव्ह यूईएफआयने उठला आणि नंतर सेटिंग ‘लेगसी’ राहिले, तर डिस्कवर सगळे असूनही यंत्र ‘काही सापडले नाही’ म्हणते. बूट मेनूत, म्हणजे बहुधा एफ-१२, एफ-९ किंवा एस्केप दाबल्यावर, एकाच पेनड्राइव्हची दोन नावे दिसतात, त्याचे कारण हेच. ज्या नावाआधी यूईएफआय लिहिलेले असेल ते नव्या पद्धतीचे. जुन्या बायोसवर डिस्क जीपीटी पद्धतीने विभागलेली असेल तर ग्रबसाठी एक एमबीचा वेगळा छोटा विभाग ठेवावा लागतो. यूईएफआयवर फॅट-३२ मधला ईएफआय विभाग लागतो. एवढे दोन नियम भिंतीवर लावून ठेवले तरी बरीच डोकेदुखी वाचते.

काही कंपन्यांचे फर्मवेअर आणखी हट्टी असते. त्यात लिनक्सची नोंद केली तरी ते ‘विंडोज बूट मॅनेजर’ एवढेच नाव ओळखते आणि बाकीच्यांकडे ढुंकूनही पाहत नाही. यावरही तोड आहे. यूईएफआयच्या नियमांत एक ठरलेली पर्यायी जागा आहे. पेनड्राइव्हसारख्या काढता येणाऱ्या साधनांवर फर्मवेअर तिथेच शोधते. ग्रबची एक प्रत त्या जागी ठेवली की हट्टी यंत्रही मुकाट सुरू होते. डेबियनचा इन्स्टॉलर, तज्ज्ञ पद्धतीने चालवला तर, हा प्रश्न स्वतःच विचारतो. विचारला की ‘हो’ म्हणायचे.

सिक्युअर बूट २०१२ मध्ये विंडोज ८ सोबत घरोघरी आले. दस्तुरी नाक्यावर प्रवासी कराची पावती पाहून आत सोडतात, तसे फर्मवेअर प्रत्येक बूट प्रोग्रामची डिजिटल सही पाहते. लिनक्सच्या मोठ्या वितरणांनी शिम नावाचा छोटा, मायक्रोसॉफ्टच्या चावीने सही केलेला प्रोग्राम वापरून ही अडचण सोडवली. पण ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका सुरक्षा-अपडेटने जुने शिम बाद ठरवले आणि दोन्ही प्रणाली ठेवणाऱ्या अनेकांचे लिनक्स रातोरात उघडेनासे झाले. आता २०११ साली काढलेल्या चाव्यांची मुदत २०२६ मध्ये संपते आहे. आधीच सही झालेले प्रोग्राम त्यामुळे लगेच बंद पडणार नाहीत, पण ज्या जुन्या फर्मवेअरमध्ये २०२३ ची नवी चावी पोहोचलेली नाही, ते पुढे फक्त नव्या चावीने सही केलेले शिम ओळखणार नाही. ज्या यंत्रावर फक्त लिनक्स राहणार आहे, तिथे सिक्युअर बूट बंद करणे हा सरळ मार्ग. विंडोजही ठेवायचे असेल तर आधी बिटलॉकर या विंडोजच्या डिस्क-कुलपाची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्यायची आणि सगळ्या फाइलींची प्रत वेगळ्या डिस्कवर काढायची. हे न करता फर्मवेअरच्या सेटिंगला हात लावू नये. यंत्र पुन्हा मिळते, शाळेचे जनरल रजिस्टर स्कॅन केलेले असेल तर ते पुन्हा मिळत नाही.

काळा पडदा हा सगळ्यात जास्त फसवणारा प्रकार. ग्रबचा मेनू दिसतो, लिनक्स निवडले जाते आणि पडदा विझतो. पंखा फिरतो, डिस्कचा दिवा लुकलुकतो, पण समोर काही नाही. अशा वेळी लिनक्स आत व्यवस्थित चाललेले असू शकते. फक्त ग्राफिक्सच्या चिपशी त्याचे जमलेले नसते. मेनूवर ‘ई’ दाबायचे, ‘लिनक्स’ या शब्दाने सुरू होणारी ओळ शोधायची, तिच्या शेवटी एक जागा सोडून ‘नोमोडसेट’ असे एकच पद टंकायचे आणि एफ-१० दाबायचे. पडदा साध्या रूपात उजळला तर निदान बरोबर. मग योग्य ड्रायव्हर टाकायचा, किंवा तेच पद ग्रबच्या सेटिंगमध्ये कायमचे लिहायचे. नोकरीची वीस वर्षे संगणकासमोर काढलेल्या माणसालाही ही एक युक्ती माहीत नसते आणि तेवढ्यावरून यंत्र फेकले जाते.

‘ग्रब रेस्क्यू’ ही पाटी दिसली तर घाबरण्याऐवजी आनंद मानावा. याचा अर्थ ग्रब जागे झाले आहे, फक्त त्याला स्वतःचे बाकीचे सामान सापडत नाही. डिस्क बदलली, विभाग पुसला, किंवा इन्स्टॉल करताना ग्रब चुकून पेनड्राइव्हवरच गेले, ही नेहमीची कारणे. पेनड्राइव्ह लावलेला असताना लिनक्स सुरू होते आणि काढला की होत नाही, ही शेवटच्या कारणाची खूण. त्याच पेनड्राइव्हवरून लाइव्ह लिनक्स सुरू करून बूट-रिपेअर चालवले किंवा ग्रब योग्य डिस्कवर पुन्हा बसवले की काम होते. इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल तर बायोसमध्ये साटाचे सेटिंग ‘रेड’वर आहे का ते पाहून ‘एएचसीआय’ करायचे. त्याच डिस्कवर विंडोज राहणार असेल तर आधी त्याची तयारी करून घ्यायची, नाहीतर ते रुसून बसते.

काही यंत्रांसाठी दार खरोखरच बंद होत आले आहे, हेही स्पष्ट सांगायला हवे. इंटेलचा २००६ चा कोअर डुओ आणि २००८ च्या छोट्या नेटबुकमधला अ‍ॅटम एन २७० हे ३२ बिटचे प्रोसेसर. ६४ बिटचा पेनड्राइव्ह लावला की कर्नल सरळ नकार देतो. उबुंटूने २०१७ मध्येच ३२ बिटचा डेस्कटॉप थांबवला. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ३२ बिटचा इन्स्टॉलर नाही. अशा यंत्रावर अँटीएक्ससारखी हलकी प्रणाली घालता येते, पण आजची जड संकेतस्थळे त्यावर चालतील अशी अपेक्षा ठेवू नये. याउलट २००६ नंतरचा कोअर टू डुओ ६४ बिटचा आहे. चार जीबी रॅम आणि एक स्वस्त एसएसडी मिळाली की तो लिनक्स मिंट किंवा लुबुंटूवर पत्रे लिहायला, हिशेब ठेवायला, खोल्यांच्या नोंदी करायला आणि मुलांना टंकलेखन शिकवायला पुरेसा आहे.

माथेरान ज्यात येते त्या कर्जत तालुक्याला लिनक्स नवे नाही, ही गोष्ट आज फार थोड्यांना आठवते. ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या जागतिक प्रकल्पाचा भारतातला पहिला प्रयोग २००७ मध्ये याच तालुक्यातल्या खैराट धनगरवाड्याच्या एकशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत झाला. पहिली ते चौथीच्या वीसेक मुलांच्या हातात हिरव्या-पांढऱ्या रंगाचे एक्सओ लॅपटॉप आले. आत ४३३ मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम, हार्ड डिस्कऐवजी एक जीबीची फ्लॅश चिप आणि फेडोरावर आधारलेले लिनक्स. वर मुलांसाठी बनवलेली शुगर ही मांडणी. आजच्या स्वस्त मोबाइलपेक्षाही दुबळे यंत्र, आणि त्यावर वाडीतली मुले चित्रे काढत, फोटो घेत, लिहीत होती.

एक्सओची बूट व्यवस्थाही या विषयात बरेच काही शिकवते. त्यात नेहमीचा बायोस नव्हता. ओपन फर्मवेअर होते. चोरी टाळण्यासाठी ते कुलूपबंद असे आणि दुसरी प्रणाली टाकायची तर डेव्हलपर की मागावी लागे. ती फुकट मिळे, म्हणजे कुलूप होते तशी किल्लीची सोयही होती. काही एक्सओ-१ मात्र घड्याळाचा सेल संपल्यावर सुरूच होईनात, कारण तारीख चुकीची दिसली की सुरक्षा-व्यवस्था पुढे जाऊ देत नसे. लॅपटॉप धडधाकट, अडले ते एका सेलपाशी. प्रकल्पाने जगभर यंत्रे वाटली. ती गावात दुरुस्त करील असा माणूस मात्र पुरेशा ठिकाणी घडवला नाही. त्याच्या अपयशाच्या कारणांत हे कारण छोटे नाही. भारत सरकारने तर २००६ मध्येच या प्रकल्पाला नकार दिला होता.

केरळने वेगळी वाट धरली. तिथल्या आयटी अ‍ॅट स्कूल प्रकल्पाने, म्हणजे २०१७ पासूनच्या ‘काइट’ने, शाळांसाठी स्वतःची लिनक्स आवृत्ती बनवली आणि सोबत शिक्षकांना ती टाकायला, बिघडली तर सावरायला शिकवले. २०१९ ची आवृत्ती दोन लाखांहून अधिक संगणकांसाठी काढली गेली आणि परवान्यांचे सुमारे तीन हजार कोटी रुपये वाचल्याचे त्या संस्थेने सांगितले. गोव्यात या शतकाच्या सुरुवातीलाच परदेशस्थ गोवेकरांनी वापरलेले संगणक शाळांसाठी पाठवले आणि त्यांवर लिनक्स चालवण्याचा प्रयत्न झाला. युरोपात २०२५ मध्ये ‘एंड ऑफ टेन’ ही मोहीम उभी राहिली. विंडोज १० ची यंत्रे घेऊन लोक जवळच्या दुरुस्ती-कॅफेत जातात आणि तिथले स्वयंसेवक समोर बसून लिनक्स टाकून देतात. असे पहिले दुरुस्ती-कॅफे २००९ मध्ये अ‍ॅम्स्टरडॅमला सुरू झाले. या सगळ्यांत समान गोष्ट एकच: पेनड्राइव्हसोबत माणूसही पोहोचला.

आक्षेप आहेत आणि ते रास्त आहेत. कार्यालयांत सर्रास दिसणारा कॅनन एलबीपी २९०० प्रिंटर लिनक्सवर सहज चालत नाही. जुनी मराठी कागदपत्रे श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये अडकली आहेत. डिजिटल सहीचे डोंगल, लेखा-प्रणाली आणि काही शासकीय प्रोग्राम विंडोजच मागतात. म्हणून सगळे संगणक लिनक्सवर न्या, असे कुणी म्हणत नाही. कार्यालयातली दोन नवी यंत्रे विंडोजवर राहू द्यावीत आणि बाकीची जुनी यंत्रे टंकलेखन, ब्राउझर, शाळेची प्रयोगशाळा, वाचनालयाची यादी अशा कामांना लावावीत. जुना फॉन्ट युनिकोडमध्ये आणण्याचे काम तर विंडोजवर राहिलो तरी करावेच लागणार आहे. आणखी एक आक्षेप असतो: जुने यंत्र जास्त वीज खाते. रोज बारा तास चालणाऱ्या काउंटरवर तो विचार करावाच; आठवड्याला चार तास चालणाऱ्या शाळेच्या संगणकाबाबत तो लंगडा पडतो.

कायदाही या बाजूने आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत पुनर्वापरासाठी यंत्र दुरुस्त करणाऱ्यांना वेगळे स्थान आणि नोंदणीची सोय दिली आहे. डेडस्टॉक नोंदवहीतून नाव कमी करून यंत्र भंगारवाल्याच्या गाडीत टाकणे हा काही त्या नियमांचा हेतू नाही.

मग करायचे काय? आयटीआयच्या कोपा या अभ्यासक्रमात लिनक्सची ओळख आहेच. त्याला जोडून बूट-तपासणीचे प्रात्यक्षिक ठेवावे आणि मुलांनी खरी, बिघडलेली यंत्रे हाताळावीत. सरावासाठी तालुक्यात ती भरपूर आहेत. २००१ पासून लाखो मराठी मुलांनी एमएस-सीआयटी केले, त्यात भर संगणक वापरण्यावर राहिला. आता सुरू न होणारा संगणक सुरू करण्याचे शिक्षण तेवढ्याच गंभीरपणे द्यायला हवे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे लिनक्सचे धडे मराठीत फुकट उपलब्ध आहेत, ते शाळांनी वापरावेत. माथेरानच्या नगरपरिषदेने पावसाळ्यात, पर्यटक कमी आणि काउंटर रिकामे असताना, चार दिवसांचे शिबिर भरवावे. हॉटेले आणि शाळा यांनी आपापले संगणक आणावेत. साहित्य म्हणजे गोल सेलचे एक पाकीट, खोडरबर, ब्रश, तपासून लिहिलेले पाच-सहा पेनड्राइव्ह आणि दोन-तीन एसएसडी. नेरळहून एक जाणकार चार दिवस वर राहिला तरी गावातली दोन मुले तयार होतील, आणि पुढच्या वेळी कुणाला डोंगर चढून यावे लागणार नाही.

रायगड जिल्हा परिषदेने यासाठी एक परिपत्रक काढावे. निर्लेखनाच्या प्रत्येक प्रस्तावासोबत यंत्र कोणत्या पायरीवर थांबते आणि काय करून पाहिले याची अर्ध्या पानाची नोंद मागावी, आणि ती नसेल तर प्रस्ताव परत पाठवावा. पुरवठादाराने घातलेला बायोसचा पासवर्ड कार्यालयाच्या नोंदवहीत लिहिलेला असावा. तो हरवला की चांगले यंत्रही कुलपात अडकते. आणि यापुढे नवे संगणक घेताना सिक्युअर बूट बंद करण्याची व स्वतःची चावी घालण्याची सोय मालकाच्या हातात असेल, ही अट निविदेतच लिहावी. या तिन्ही गोष्टींना नवा निधी लागत नाही, आणि पुढच्या शैक्षणिक वर्षाआधी त्या अमलात येऊ शकतात.